लालबागची सदनिका आणि पाण्यातली माझी कामे

मी, श्रीमती शैला बुधाजी मेस्त्री, वय एकोणसत्तर, राहणार लालबाग, मुंबई, व्यवसाय घरातल्या माशांच्या टाक्या व बागेतली तळी सजवणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने करीत आहे. हृदयाचे दुखणे आहे, पण बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझे यजमान कै. बुधाजी गिरणीच्या सुतारखात्यात होते. संपानंतर त्यांनी माशांच्या टाक्यांसाठी सागवानी स्टँड करायला घेतले. ते पोचवायला मी बरोबर जात असे. लोक टाकीत निळी-गुलाबी खडी आणि प्लास्टिकचा किल्ला टाकून मोकळे होत. मला ते बघवेना. गावी आमच्या घरामागच्या व्हाळात पाणी दगडाला वळसा घालून जाते, गवत एकाच बाजूला कलते, तसे मी काचेत मांडू लागले. काळा दगड, वाळलेले मूळ, त्यावर दोऱ्याने बांधलेले शेवाळ. त्या कामावर घर चालले आणि मुलगा वैभव इंजिनिअर झाला.

२. इमारतीच्या पुनर्विकासात मिळालेली आमची सदनिका यजमानांनी हयातीतच नोंदणीकृत बक्षीसपत्राने माझ्या एकटीच्या नावे केली. माझ्या पश्चात ती आकांक्षा हिला पूर्ण मालकीहक्काने मिळावी. वकिलांनी विचारले, "नातं काय लिहू?" ती वैभवची बायको होती. घटस्फोटानंतर कायद्याने ती माझी कोणी नाही. म्हणून घडले ते इथे लिहिते.

वैभवने पुण्यात दुसरा संसार मांडला. कोर्टाचा निकाल लागल्यावर आकांक्षा एका दुपारी आपले कपडे न्यायला आली. कोणत्या तोंडाने समोर जावे म्हणून मी स्वयंपाकघरात बसून राहिले. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतल्या मोठ्या टाकीचा सांधा सुटला. पाणी लादीवर, तिच्या उघड्या बॅगेत. "आई, बादल्या आणा!" ती ओरडली आणि त्या पाण्यात बसून ओंजळीने मासे उचलू लागली. सगळे वाचले नाहीत.

तिचे ओले कपडे दोरीवर घालता घालता मी म्हटले, "थांब इथंच."

"कुठल्या नात्यानं, आई?"

"मला कामाला माणूस हवंय. नातं मागाहून बघू."

माहेरी तिला जागा नव्हती, हे मला फार उशिरा कळले. तिने स्वतःहून कधी सांगितले नाही. ती राहिली. पाणवनस्पती छाटायला, चिमट्याने एकेक काडी रोवायला शिकली. माझ्या हाताला कंप सुटला, तेव्हापासून टाकीत हात तिचा आणि खुर्चीवरून बोट माझे. वकीलसाहेब, 'मुलगी' लिहा.

३. माझा व्यवसाय, चिमटे, कात्र्या, पंप, दगड व लाकडे आकांक्षाचीच. परळच्या एका रुग्णालयाच्या अंगणातले तळे आम्ही दोघींनी सजवले. त्याची देखभाल तिने सोडू नये. काठाचे दगड मी मुद्दाम बसता येईल इतके रुंद घेतले. आत आपले माणूस झोपलेले असते आणि बाहेर बसणाऱ्याला कुठे बघावे कळत नाही. तिथे कमळे असावीत, डास होऊ नयेत म्हणून गप्पी मासे असावेत. कारंजे मात्र कोणी कितीही म्हटले तरी लावू नये. तिथे बसलेल्या माणसाला आतून आलेली हाक ऐकू गेली पाहिजे.

४. दादरच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी श्री. हितेंद्र यांनी मी सजवलेल्या तळ्यात रंगीत दिवे आणि प्लास्टिकचा डॉल्फिन सोडला. वर मला म्हणाले, "बाई, जरा मजा पण पाहिजे ना!" मी त्यांच्यादेखत माझे दगड काढून टेंपोत घातले. ते बाल्कनीत आहेत. आकांक्षाने ते कुठेही वापरावेत, त्या सोसायटीत नाही. मेल्यावर राग ठेवू नये म्हणतात. मी अजून जिवंत आहे.

५. बँकेतली शिल्लक वैभवची पुण्याच्या संसारातली मुलगी ओवी हिच्या शिक्षणासाठी. आईबापांच्या भानगडीत त्या पोरीचा काय दोष? या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी शेजारीण सौ. सरोजिनी तावडे यांनी करावी.

६. वैभवला त्याच्या वडिलांची सुतारकामाची हत्यारे द्यावीत. रंध्याची मूठ त्यांच्या हाताने झिजली आहे. भंगारात घालू नये.

घराचे त्याला माझ्यामागे कागदावरून कळू नये, म्हणून गेल्या महिन्यात त्याला बोलावले आणि आकांक्षासमोर सगळे सांगितले. तो म्हणाला, "घर तिचंच आहे, आई. तिनंच केलं तुझं सगळं. पण शेवटी अग्नी... तो तरी मी देऊ ना?"

माझ्या मनात अजून राग होता. आकांक्षाच म्हणाली, "तूच द्यायचास. आईंनी मला तसं सांगून ठेवलंय."

मी तिला असे कधीही सांगितले नव्हते.

आता लिहून देते: अग्नी वैभवनेच द्यावा.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, तो माझ्या मनाप्रमाणे आहे, आणि दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली.

सही: शैला बुधाजी मेस्त्री

साक्षीदार (शैलाबाईंनी आमच्यासमोर सही केली, त्यानंतर आम्ही त्यांच्यासमोर केली):
१. डॉ. सौमित्र करंदीकर, दादर
२. राजरत्न जाधव, बीडीडी चाळ, वरळी

ठिकाण: लालबाग, मुंबई
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५