वाढदिवसापर्यंत थांबू या

७ जुलै
विम्याचा हप्ता पुन्हा वाढला! म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, मेडिकेअर, जे भरत नाही ते भरणारा हा पूरक विमा — आणि त्याचाच हप्ता झेपेना झालाय. लेम्पी कागद आपटत म्हणाली, "अर्डिस, असंच चाललं तर हे घर विकावं लागेल. मग बघ कुठल्या खिडकीत बसायचं ते!" धाकटी बहीण, पण तोरा थोरलीचा. मी नदीकडे बघत होते. भरतीची वाट बघत जहाजं नांगर टाकून उभी होती. किती निवांत!

९ जुलै
धुकं. जहाजं दिसेनात, नुसते भोंगे. दिवसभर ऐकत पडले.

१२ जुलै
लेम्पीने ड्वेनला गाठलं. चर्चमध्ये आमच्या मागच्या बाकावर बसतो, विम्याचं काम करतो. प्लॅन तोच, फायदे तेच, कंपनी दुसरी, हप्ता बराच कमी. फक्त तब्येतीचे प्रश्न विचारणार.

म्हटलं, "माझा वाढदिवस ऑक्टोबरात आहे. त्यानंतर महिनाभर आपल्या ओरेगॉनात तब्येतीचं काही न विचारता विमा बदलून देतात. थांबू या की."

"तोवर त्या लुटारूंची धन करायची? विचारून विचारून काय विचारतील — सिगरेट ओढता का!"

मे महिन्यात डॉक्टरांनी हृदयाची झडप बदलायला सांगितली आहे. लेम्पीला बोलले नाही. ऑपरेशनचे पैसे जुना विमाही देईलच. वाढदिवसाचं आपलं निमित्त. मला भीती वाटते, एवढंच.

१५ जुलै
ड्वेनचा फोन. लेम्पीने स्पीकर लावला. "आधी अर्डिस, मग लेम्पी," तो म्हणाला. सिगरेट? नाही. साखर? नाही. मला वाटलं, सुटले! मग — "डॉक्टरांनी सांगितलेली, पण अजून न केलेली एखादी तपासणी? ऑपरेशन?"

नाही म्हणता आलं असतं. पण लेम्पी समोर बसली होती; तिच्या तोंडावर खोटं बोलवेना.

"हो," म्हटलं. "झडप."

ड्वेन हळू आवाजात म्हणाला, "मग नवी कंपनी आत्ता घेणार नाही. जुना विमा मुळीच सोडू नका. वाढदिवसानंतर बघू. बरं, आता लेम्पी—"

लेम्पीने फोनच बंद केला. "मे महिन्यापासून! आणि रोज माझ्यासमोर बसून गोड पाव खातेस, निर्लज्ज!" ती रडली. मग मीही. फार हलकं वाटलं.

१७ जुलै
लेम्पीने ऑपरेशनची तारीख ठरवून टाकली. स्वतःची खाटही माझ्या खोलीत ओढून आणली. पहाटे स्वप्न पडलं — आम्ही दोघी लहान, जहाजाच्या डेकवर झोपलेल्या, आणि नांगर कुणीतरी अलगद उचलत होतं. भीती नव्हती.

२० जुलै
बश्या पुसताना सहज म्हटलं, "लेम्पी, त्या दिवशी ड्वेनने तुला प्रश्न विचारायचे राहूनच गेले."

ती तीच बशी पुसत राहिली.

"माझा वाढदिवस फेब्रुवारीत आहे," म्हणाली.