सहा महिने त्यांची, सहा महिने आमची

१४ डिसेंबर
फुटबॉलची फायनल एक-एक. उजेड गेला, पेनल्टी घ्यायलाही चेंडू दिसेना. समितीने तिथल्या तिथे जाहीर केलं: दोन्ही कॉलेजच्या मुली संयुक्त विजेत्या. शील्ड सहा महिने बजबजच्या कॉलेजकडे, सहा महिने आमच्याकडे. आधी कोणाकडे, ते नाणं उडवून. इरा हरली. नाणेफेक, म्हणजे.
इथली, बंगालमधली, ही जुनी रीत. सगळे टाळ्या वाजवतात, संदेश मिठाई खातात. इराने खाल्ला नाही. टॅक्सीत ग्लोव्हजसुद्धा काढले नाहीत. घर आल्यावर म्हणाली, "आई, अर्धं जिंकतात का कधी?"
कॅप्टन, गोलकीपर, कॉलेजचं शेवटचं वर्ष. मी टॅक्सीचे सुटे पैसे मोजत बसले. मी म्हणे लेखिका.

१५ डिसेंबर
जेवताना ज्याची त्याची युक्ती. शेखरची बँकेतली: आधीच्या सामन्यांतले गोल मोजा, जास्त ज्यांचे ते विजेते. इरा: "बाबा, दुबळ्या टीमला बदडलं म्हणून आम्ही मोठ्या?" सासूबाई सांगलीहून फोनवर: चिठ्ठ्या टाका, एखाद्या लहान मुलीला उचलायला सांगा. शेजारच्या मुखर्जीबाई माशाचं कालवण द्यायला आल्या होत्या, त्यांचं म्हणणं, सगळ्या कॉलेजांच्या कोचनी मतं द्यावीत. इरा: "मग जुनं, नावाजलेलं कॉलेजच जिंकणार, मासीमा!"
तिला मैदानाबाहेरचं काहीच नको.
माझ्या मनात आलं होतं, असू दे की संयुक्त. इतकी वर्षं मी अर्धी इथे, अर्धी सांगलीत राहतेच आहे. पण तेवढ्यात कालवण वाढायला उठले. बरं झालं.

१८ डिसेंबर
बजबजची कॅप्टन आली, शर्मिष्ठा. लोकलने बालीगंज स्टेशन, तिथून बस. मला वाटलं, भांडणार. दोघी गॅलरीत बसून मुरमुरे खात होत्या. तिलाही शील्ड टोचतेय. "काकीमा, शील्ड कॅप्टनच्या घरी असते, मा ने शोकेसमध्ये ठेवली. मी तिकडे पाठ करून जेवते."
दोघींनी पद्धत काढली. पुन्हा खेळायचं, पहिला गोल होईपर्यंत. दर पाच मिनिटांनी दोन्ही टीममधून एकेक मुलगी बाहेर. कोणाला काढायचं, ते तिच्याच कॅप्टनने ठरवायचं. मैदान रिकामं होत जाईल तसा गोल होणारच.
"आणि दोघीच उरलात तर?"
"तर दोघी खेळू," इरा म्हणाली. शर्मिष्ठाने तिला कोपर मारलं.

२० डिसेंबर
समितीकडे दोघी एकत्र गेल्या. सेक्रेटरीबाबू: "अरे मा, पोरींनो, दोघी जिंकलात, मग रडता कशाला?" शर्मिष्ठा: "म्हणूनच."
मैदान मिळालं. रविवारी सकाळी, मैत्रीचा सामना म्हणून. विजेता बदलायचा की नाही, ते समिती मागाहून बघेल. इरा खूश. मी नाही. पण खूश असल्यासारखी.

२८ डिसेंबर, रविवार
जिंकल्या! अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.
धुकं इतकं की पलीकडचा गोल दिसत नव्हता. मी डबा भरून दही-साखर नेली होती. रांगेत जो हात पुढे आला त्यावर चमचाभर. शेवटचा हात शर्मिष्ठाचा. तिच्यामागे तिची अख्खी टीम चाटत उभी.
इरा: "आई! त्यांनाही?"
हात पुढे आल्यावर काय करणार?
मग गोल होईचना. गोल हुकला की इरा दर वेळी माझ्याकडे डोळे वटारून बघायची. शेखर कानात: "तुझ्या दह्याचा गुण." बाहेर काढलेल्या मुली रेषेवर येऊन बसत होत्या, निळ्या आणि पिवळ्या, एकाच डब्यातले पोहे खात, एकमेकींना चिमटे काढत. आत चारचार उरल्या. आमच्या स्ट्रायकरच्या पायात गोळे आलेले, पण नाव तिचं मोठं. इराने तिलाच बाहेर पाठवलं. ती रडत आली. आत ठेवली टुंपाला. एरवी राखीव, पण पोर दमत नाही.
शर्मिष्ठाचा जोरदार फटका. इराने झेप घेऊन छातीशी धरला, आणि उठता उठताच चेंडू लांब फेकला, धुक्यात. टुंपा धावताना दिसली, मग दिसेनाशी झाली. रेषेवरच्या सगळ्याजणी उठून उभ्या. मग धुक्यातून तिची किंकाळी.
मी "गोऽऽल" ओरडले. आयुष्यात एवढ्या मोठ्याने कधी ओरडले नव्हते.
इराने मला उचललं. चिखलासकट. शर्मिष्ठा जमिनीवर बसून होती. इरा जाऊन तिच्या शेजारी बसली. दोघींच्या पाठी अजून डोळ्यांसमोर आहेत.

३० डिसेंबर
समितीची बैठक आज संध्याकाळी. शेखर म्हणतो, जुनी माणसं, एकदा जाहीर केलेलं मागे घेणार नाहीत. असेल.
दुपारी बेल वाजली. शर्मिष्ठा, हातात चादरीत गुंडाळलेलं काहीतरी मोठं. लोकलमध्ये लोक विचारत होते म्हणे, आरसा आहे का.
"समितीने सांगितलं?" मी विचारलं.
"नाही. गोल सांगितला." शील्ड टेबलावर ठेवली. चहा घेतला, पुढच्या वर्षी परत नेईन म्हणाली. "आणि काकीमा, दही तेव्हाही द्यायचं."
शील्डच्या पितळी पट्टीवर दोन्ही कॉलेजांची नावं आधीच कोरलेली आहेत. इरा चिंच-मीठ घेऊन घासत बसली आहे, दोन्ही नावं, सारखीच. घरभर आंबट वास. गाणं गुणगुणतेय, बंगाली की मराठी कळत नाही.
फोन वाजतोय. समितीचाच असणार.
"इरा, अगं फोन!"
"तू घे ना, आई. माझे हात चिंचेचे आहेत."