कूलरच्या पत्र्यातलं मशीन

बाबा, तुमचं ते जुनं कॉम्प्युटरचं मशीन मी उघडलं. तुमच्यासमोर त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती, आणि तुम्ही गेल्यावरही इतकी वर्षं सगळे त्याला नुसते लांबून बघत होते. स्क्रू काढले तसं मागचं प्लास्टिक बिस्किटासारखं हातात आलं. पडदा आणि सगळा कारभार एकाच खोक्यात, कीबोर्ड तेवढा वायरीनं वेगळा. आतलं सगळं धड होतं. आतल्या आत तापून सडलं होतं ते खोकं, आणि ते तुमच्यामुळं.

वसमतच्या घराशेजारी हळद पॉलिश करायचा ड्रम होता, आठवतो? हंगामात उडणाऱ्या भुकटीनं भांडीसुद्धा पिवळी व्हायची. तुम्ही खुर्चीवर चढून मशीनच्या मागच्या फटींवर चिकटपट्टी लावताय, वरून जाड कापडी खोळ घालताय. मी विचारते, "बाबा, आत हवा कुठून जाईल?" तुम्ही म्हणता, "तुला काहून पायजे? फडकं घे अन् पूस. कीबोर्ड दादाला दे. पोरीच्या जातीला न्हाई जमायचं हे." आणि चार दिवसांनी जयंतीच्या स्टेजवर तुम्हीच, पांढऱ्या शर्टात, मुलींनी शिकलं पाहिजे म्हणून माईक हलवून सोडताय. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. तुमचं भाषण मी खरं मानलं, बाबा. आपल्या घरातल्या पोरीला ते लागू नव्हतं, हे कुणी सांगितलंच नाही.

आता औंढ्यात माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. पाटीवर माझंच नाव, कुणाच्या बायकोचं, बहिणीचं दुकान असं काही लिहिलेलं नाही. दादानं वसमतचं घर रिकामं करताना मशीन माझ्याकडं आणून टाकलं. म्हणाला, "भंगारात दे, न्हाईतर तसंच ठेव. खोलशील अन् पिक्चर ट्यूब फोडशील, मग बाबा म्हणत होते तेच खरं होईल." झालं, माझं डोकं फिरलं. ट्यूब फुटली असती तर घरादारात तेच ऐकायला मिळालं असतं, तेही जन्मभर.

म्हणून मी आमच्या गल्लीतल्या कूलरवाल्या चाचांकडं गेले. नव्या खोक्याची मापं दिली, पुठ्ठ्याचा नमुना दिला, तिन्ही बाजूंना जाळी पाडायला सांगितली. चाचा बराच वेळ नमुना फिरवून बघत राहिले. "बेटी, बराबर हाय सगळं. पन याच्यात पानी किधर भरनार?" म्हटलं, "चाचा, हा थंड राहील, पण बिनपाण्याचा." त्यांनी पत्रा इतका सरळ वाकवून दिला की कूलरच्या नशिबी असा पत्रा कधी आला नसेल. दुकानात आणून मी ट्यूबमधला साठलेला करंट आधी उतरवला, ती कुशीत लेकरू घेतल्यासारखी उचलली, तिचे चार कोपऱ्यांचे कान नव्या खोक्यात रबरावर बसवले.  जाळीवर चिकटपट्टी लावणार नाही म्हणजे नाही. हळद येऊ दे नाहीतर धूळ येऊ दे, मी पुसून घेईन. उघडता येतंय मला.

बटण दाबलं. काही वेळ काहीच नाही. मग आत बारीक गुणगुण, आणि हिरवी अक्षरं वर आली, पहिल्यासारखी ठसठशीत. मी दुकानात एकटीच ओरडले, "जमलं की!" दादाला फोन लावला. तो म्हणाला, "बाबा खूश झाले असते." मी म्हटलं, अजिबात नाही. कुणाला विचारून खोललं म्हणून त्यांनी माझा उद्धार केला असता.

हे बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर लिहून राहिले. टाकायचं तर कुठं, तुमचा पत्ता काय? पण एक आहे, दादालाही सांगितलेलं नाही. शिव्या देत का होईना तुम्ही दुकानाच्या दारात आला असता, तर एवढं सगळं करूनही मी झटकन खुर्चीवरून उठले असते, आणि म्हटलं असतं, बसा बाबा.