सहा सेकंदांचा आवाज

३ मार्च, सोमवार
आवाज-तपासणीच्या प्रयोगशाळेत धमकीच्या फोनची केस आली. गोदामाच्या मालकाला कुणीतरी दरडावतं: ‘उद्या गेट उघडं ठेव, नाहीतर... बघच.’ सहा सेकंद. संशयावरून एक लिफ्ट-मेकॅनिक कोठडीत. शुक्रवारी माझा अहवाल. त्यावर त्याचं आत की बाहेर ठरणार. आवाज ओळखण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. संकल्प: घाई नाही.

४ मार्च
रेकॉर्डिंग दोनशे वेळा ऐकलं, त्याच्यासोबत स्वतः म्हणूनही पाहिलं. ‘नाहीतर’वर थबकतो, ‘बघच’ दाबून म्हणतो. अंगात मुरला पाहिजे आवाज! जेवताना बायको म्हणाली, मीठच मागताय ना, मग धमकावता कशाला? दमली असेल बिचारी.

५ मार्च, सकाळी ११
मेकॅनिकच्या आवाजाचा नमुना घेतला. चष्मा कोठडीत जमा, म्हणून वाक्याचा कागद वाचता येईना. नियमाप्रमाणे चष्मा मागवायला हवा. म्हटलं, मी आहे ना! मी वाक्य म्हणायचं, त्याने माझ्यामागून. पहिल्यांदा अगदी सपाट म्हणाला. लबाड! आवाज बदलत होता. सहा वेळा म्हणून घेतलं. सहाव्यांदा हुबेहूब. घाम फुटला होता त्याला. पहिले पाच रद्द.

६ मार्च
जुळलं! ज्युनियर (नोकरी चार महिने) विचारते, सर, त्याने तुमचीच नक्कल केली नसेल ना? शांतपणे समजावलं. आवाज जिन्यापर्यंत गेला म्हणे. गोदामाचा मालक जबाबावर सही करायला येत होता, तो पांढराफटक पडून खाली पळाला. बीपी असावं.
बाकावर मेकॅनिकची बायको. म्हणाली, साहेब, तुम्हीच सांगा, ते घरी येतील ना? विज्ञानाला दया नसते, असं सांगून सटकलो.

७ मार्च
अहवाल दिला. ‘निःसंशय तोच.’

१० मार्च, दुपारी
साहेबांनी बोलावलं. ज्युनियरने रद्द केलेले नमुने त्यांना ऐकवले. मेकॅनिकचा पहिला नमुना फोनशी कुठेच जुळत नाही. नमुन्यांच्या टेपवरचा दुसरा, वाक्य सांगणारा आवाज मात्र तंतोतंत जुळतो. तो माझा. शिवाय गोदामाच्या मालकाने लेखी दिलंय, जिन्यात ऐकला तोच फोनवरचा माणूस.
अहवाल मागे. मेकॅनिक सुटला. जाताना माझ्याकडे बघितलंही नाही त्याने. चार दिवस माझ्यामुळे आत होता. पहिल्यांदाच लाज वाटली.

११ मार्च, सकाळी ९
दहाला माझा नमुना द्यायचाय. घेणार ज्युनियर. म्हणाली, सर, फक्त तुमच्या नेहमीच्या आवाजात बोला.
तासभर आरशासमोर प्रयत्न करतोय. तो कसा होता, आठवत नाही.