दमट हवेचा तक्ता आणि आपली पेरूची बाग

आबा, आज वर्गात मुलांना शिकवलं, की पीक एकच असलं तरी त्याची तहान जागेप्रमाणे बदलते. कोकणात हवाच ओली, पान फारसं पाणी सोडत नाही. आपल्याकडे वैशाखात कोरडा वारा सुटला, की तेच झाड कितीतरी जास्त पाणी मागतं. उदाहरण म्हणून धायरीतल्या एका शेतकऱ्याची गोष्ट सांगितली. तुमचं नाव घेतलं नाही.

कोकणातल्या पहिल्या नोकरीतून मी सुट्टीवर आले होते, तो चैत्र. धायरीत तेव्हा अजून रानं होती. दोन वर्षांच्या पेरूंना तुम्ही पाटानं पाणी देत होता. मी हट्टानं ठिबक बसवलं, तिकडच्या पाण्याच्या तक्त्यावरून मोटारीची रोजची वेळ काढली आणि कागद मोटारीच्या खोलीत चिकटवला. आठवड्यातच तुम्ही म्हणालात, "पोरी, झाडं तहानली हायेत. दुपारची पानं मुडपत्यात. जरा जास्त सोडू का?" शेजारच्या काकांसमोर मी म्हणाले, "आबा, अंदाजाचे दिवस गेले. कागदावर आहे तेवढंच द्या." तुम्ही मान हलवलीत. मी परत गेले, आणि तुम्ही खरंच तेवढंच दिलंत.

वैशाख सरताना आईचा फोन आला. मी पोचले तेव्हा तुम्ही वाळलेली झाडं तोडून बांधाला रचत होता. मी मोटारीच्या खोलीत जाऊन पिशवीतला तो तक्ता उघडला. वर बारीक अक्षरात लिहिलं होतं, दमट हवेसाठी. बाहेर आले तर काका विचारत आहेत, "काय झालं बागेला?" आणि तुम्ही माझ्याकडे न बघता सांगताय, "माझीच हयगय झाली. पोरीनं सांगितलं तसं केलं न्हाई म्या." मी तिथंच उभी होते. तक्त्याची घडी करून परत पिशवीत ठेवली. तुम्ही पुन्हा बाग लावली नाहीत. पुढं रान बिल्डरला गेलं, आणि वर्षभरात तुम्हीही गेलात.

आज एका मुलीनं विचारलं, "मॅम, झाडं वाळतायत हे त्या शेतकऱ्यानं सांगितलं नव्हतं का कुणाला?" मी म्हणाले, "नाही, सांगितलं नव्हतं."

आई आत टीव्ही बघतेय. पेरूचा विषय निघाला की अजून म्हणते, "ह्यांनी पोरीचं ऐकायला हवं होतं." हे तिला वाचून दाखवायचं ठरवूनच लिहायला बसले होते. आत्ता तिनं विचारलं, "काय लिहितेयस गं एवढं?" मी म्हणाले, "कॉलेजचं काम आहे."