तुमचा फॅन आणि गुरुवारचा लोबान

अण्णा, आई बरी आहे. हे आधीच सांगते, कारण वाईट बातमीचा वास आला की तुम्ही पुढचं ऐकायचंच बंद करायचात. बरी आहे. आज सकाळी भाकरी थापता थापता तिनं मला खणखणीत आवाजात शिव्या घातल्या.

पुंडलिकनगरच्या घरातलं तुमचं गॅरेज आता मीच चालवते. पहिल्यांदा सायलेन्सरपाशी बसवलंत तेव्हा मी ओढणी नाकाला लावली, आणि तुम्ही कडाडलात, "धुराला नाक मुरडतीस व्हय? त्याच्यावरच जेवतीस नं?" वासावरून इंजिनाचं दुखणं ओळखायला मी तुमच्याकडूनच शिकले. पण त्या धुरात बिनवासाचंही विष असतं, हे मला डॉक्टरांनी आत्ता, सगळं झाल्यावर सांगितलं. तुम्हाला कोण सांगणार होतं?

यंदा शेजाऱ्यांनी आवाजाची कटकट केली, म्हणून मी शटर अर्ध्यावर ओढून गाड्या ट्यून करायला लागले. इकडं आईचं डोकं ठणकायला लागलं. चक्कर, मळमळ. पित्तच, दुसरं काय, म्हणून आवळा झाला, कोकम झालं. मावशीकडं लासूर स्टेशनला गेली की ठणठणीत, घरी आली की आडवी. मावशी फोनवर म्हणाली, "तूच छळतीस का गं तिला?" अस्सा राग आला! मग एक दिवस करपल्याचा वास आला म्हणून आत धावले, तर भाकरी तव्यावर जळतेय आणि आई ओट्याखाली पडलेली. अण्णा, तिला तशीच रिक्षात घातली. वाटलं, तुमच्या मागं हीपण चालली.

दवाखान्यातून सलाईन लावून आणली, आणि त्याच आठवड्यात गुरुवारी लोबानवाले चाचा आले, तुमच्या वेळेपासून येतात तेच. मोरपिसांनी लोबानचा धूर हलवत गॅरेजभर फिरले नि थबकले. "बेटी, ये धुआं बाहर नै जा रा, अंदर भाग रा." बघते तर धूर शटर सोडून स्वयंपाकघराच्या दाराखालच्या फटीत शिरतोय. आत आईनं हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट फॅन लावला होता. तुमचा फॅन. फोडणीनं तिला ठसका लागतो म्हणून शहागंजातून आणलेला. तिनं न मागता तुम्ही तिच्यासाठी आणलेली ती एकच वस्तू. डासांपायी ती खिडकी बंद ठेवते, मग बिचारा फॅन हवा ओढणार कुठून? माझ्या गॅरेजमधून.

दुसऱ्याच दिवशी ते दार विटांनी बुजवलं. मागच्या भिंतीला भोक पाडून सायलेन्सरला लावायचा पाइप पार स्लॅबच्या वर नेला. शटर सताड उघडं, शेजारी बोंबलू देत. खिडकीला जाळी ठोकली, आता ती उघडीच असते. तेव्हापासून आईचं डोकं एकदाही दुखलं नाही. शिव्या त्या दारापायीच, मला चहा द्यायला आता घराला वळसा घालावा लागतो ना! इतकं हलकं वाटतंय अण्णा, की शिव्याही गोड लागतात.

फक्त फॅनचं मी तिला सांगितलेलं नाही. "कशानं व्हत व्हतं गं?" असं तिनं विचारलं, तेव्हा म्हटलं, गॅरेजचा धूर घरात कोंडत होता. तिनं वर फॅनकडं बघितलं. म्हणाली, "तरी बरं, ह्यांनी ह्यो लावून दिला व्हता. नायतर मी कवाच गेले असते." मी हो म्हटलं. आता ती गल्लीभर तेच सांगत फिरते. म्हणून हे पत्र घरात ठेवायची सोय नाही, तिला वाचता येतं.