बब्रुवानच्या आरशावरचा खिळा

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

मुक्काम धाराशिव (पाकिटावर उस्मानाबाद लिहीत जा, नाहीतर टपाल हिंडत बसतं), पौष, फसली १३५५

तीर्थस्वरूप ईरण्णा दाजी यांस धाकटा मेव्हणा कल्याणप्पाचे शरणु शरणार्थी. तुमची कंबर कशी आहे? शांताक्काचा खोकला थांबला का? दिवसभर अंधाऱ्या खोलीत लोकांचे फोटो धुणाऱ्या माणसानं ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहू नये, असं इथले हकीमसाहेब म्हणतात. (त्यांनी फुकट सांगितलं, म्हणून मीही फुकट कळवतो.) इकडं सगळे खुशाल आहेत, मला सोडून.

दाजी, तुमच्या सोलापुरी स्टुडिओच्या पाटीवर फोटोचा जो दर लिहिलाय, तो साफ खोटा आहे. माझ्या गेल्या फोटोची खरी किंमत ऐका. तेलघाणी अर्धा दिवस बंद. कोऱ्या धोतराला इंजिनाच्या ठिणग्यांनी पडलेली भोकं. त्या भोकांपायी घरात बायकोचा, महानंदेचा अबोला (धोतर तिनं निवडलेलं). आणि वर भीमाशंकर मास्तरांचा एक प्रश्न, जो अजून कानात खुपतोय. तो पुढं येईल.

तुम्हाला ठाऊक आहे, आम्ही गावातले चार-पाच कॅमेरेवाले दर गुरुवारी मास्तरांच्या ओसरीवर जमतो. तुमच्याकडून धुऊन आलेल्यांतला एकेक फोटो ज्यानं त्यानं सतरंजीवर मांडायचा, आणि मास्तर निवडतील तो आठवडाभर बब्रुवानच्या केशकर्तनालयात आरशाच्या वरच्या खिळ्याला टांगायचा. हा खिळा साधा समजू नका. गळ्यावर वस्तरा फिरवायला बब्रुवान हनुवटी वर उचलतो, तेव्हा गिऱ्हाइकाची नजर नेमकी तिथंच जाते. वकिलापासून जमादारापर्यंत अख्ख्या गावाला तो फोटो बघावाच लागतो. आणि वस्तरा गळ्याशी असताना बब्रुवाननं "कसा काय फोटू?" असं विचारलं, तर माणूस "लई झ्याक" म्हणण्यावाचून दुसरं काय म्हणणार?

तर त्या खिळ्याला गेले तीन आठवडे वीरप्पा लटकतोय. (म्हणजे त्याचा फोटो. माझं नशीब एवढं कुठलं.) वीरप्पा कापडवाला, बापाच्या आयत्या गादीवर बसलेला. मी डोक्यावर तेलाचा डबा घेऊन गावोगाव हिंडलो, तेव्हा कुठं घाणी उभी राहिली आणि घाणीतून कॅमेरा निघाला. त्याचा कॅमेरा सासऱ्यानं दिला. बरं, फोटो तरी कशाचे? एकात त्याची बायको गंगम्मा जोंधळे पाखडतेय. दुसऱ्यात म्हैस. मास्तर म्हणाले, म्हैस हसतेय. दाजी, मी जन्म जनावरांत काढला, म्हैस हसत नाही. तीच म्हैस मीही काढली होती. माझ्याकडं ती पोलीस पाटलाकडं बघावं तशी बघते. आणि वीरप्पा वर मला म्हणतो, "कल्याणप्पा, तुमच्यासारखी नजर आपल्याला कुठली?" तोंडावर इतकं गोड बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कुठून सुरू करावं?

मी मात्र मनाला लावून घेतलेलं नाही. फक्त त्या दुकानाची पायरी चढणं सोडलंय. दाढी घरीच करतो, आणि हात असा बसलाय की गालावर ओरखडासुद्धा नाही. दुकानातली खबर कळायला आत जावं लागतं असंही नाही. घाणीच्या करकरीवरून कुठली खुंटी सैल झाली ते मी झोपेत सांगतो. बब्रुवानच्या दुकानाची आणि माझ्या गोदामाची तर भिंतच एक आहे.

शेवटी ठरवलं, येडशीला जाऊन आगगाडी काढायची. म्हशीपुढं आगगाडी! तिथले स्टेशनमास्तर माझ्या तेलाचं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी गार्डाला सांगितलं, गार्डानं ड्रायव्हरला सांगितलं, ड्रायव्हरनं हौसेनं इंजिनावर फडकं मारलं, आणि तेवढ्यात डब्याडब्यांतून खबर गेली की फोटो निघतोय. झालं. अख्खी गाडी खाली उतरली. उंच माणसं मागं, बुटकी पुढं, म्हाताऱ्यांना बसायला ट्रंका मांडल्या, मुंडाशी सारखी झाली, एका बाईनं लेकराच्या डोळ्यांत घाईघाईनं काजळ ओढलं. मी ओरडतोय, "अहो, सरका! मला गाडी काढायचीय!" त्यावर एक आजोबा म्हणाले, "काढ की बाबा. गाडी काय पळून चालली व्हय? आदी आमाला काढ." मी इंजिनापाशी पळालो, तर सगळी ओळ माझ्यामागं पळत आली आणि पुन्हा नीट उभी राहिली. (धोतराची भोकं तिथली.) गार्डानं शिट्टी दिली, कुणी हलेना. शेवटी मी निमूट कळ दाबली, तेव्हा लोक गाडीत चढले.

त्या फोटोत आगगाडी नाही. कोपऱ्यात एक चाक आहे. गुरुवारी मास्तरांनी चष्मा कपाळावर नेला, फोटो डोळ्यांपाशी धरला आणि सगळ्यांदेखत विचारलं, "कल्याणप्पा, लग्न कुणाचं?"

वीरप्पाही त्या दिवशी येडशीलाच होता, कापडाचे गठ्ठे उतरवायला. गळ्यात कॅमेरा, चेहऱ्यावर ते हसू. त्याचा रोल तेव्हा संपला नव्हता. लढाई मिटली तरी फिल्म मिळत नाही, म्हणून तो एकेक फोटो रांजणातल्या पाण्यासारखा पुरवून वापरतो.

शांताक्का दर पत्रात माझा फोटो मागते. तिला समजावून सांगा, फोटो काढणाऱ्याचा फोटो निघत नसतो. मी माझा कॅमेरा दुसऱ्याच्या हाती देत नाही आणि दुसऱ्याच्या कॅमेऱ्यापुढं उभा राहत नाही. पोरांच्या गालांवरून माझ्या वतीनं हात फिरवा.

आपला,
कल्याणप्पा

ता. क. — मुख्य गोष्ट राहूनच गेली. ह्या खेपेला सगळ्यांचे रोल एकाच डब्यातून येताहेत. पिवळा दोरा बांधलेला वीरप्पाचा. दाजी, अंधाऱ्या खोलीचं दार चुकून कुणाच्याही हातून उघडतं, उजेड शिरतो आणि रोल वाया जातो. पिवळ्या दोऱ्याच्या वेळी तुमच्या हातून उघडलं, तर मी तुम्हाला बोल लावणार नाही. शेंगदाणा तेलाचा एक डबा अक्काच्या नावानं आजच निघालाय. त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही.

ता. क. दुसरा — दार उघडू नका! आतून कडी लावा, वर ट्रंक ठेवा. पिवळ्या दोऱ्याच्या रोलात मी आहे. येडशीचा! वीरप्पानं बब्रुवानला सांगितलंय: फेटा सुटून खांद्यावर आलेला, दोन्ही हात वर, तोंड वासलेलं, आणि माझ्या पाठीशी इंजिन, धुरासकट सगळं. "येत्या गुरुवारी खिळ्यावर कल्याणप्पाच चढणार," असं तो म्हणाला म्हणे. माणूस तसा वाईट नाही. जपून धुवा, आणि दोन प्रती काढा. एक अक्काला, एक त्या खिळ्याला शोभेल एवढी मोठी. वरचा ता. क. खोडणार होतो, पण खोडलेलं तुम्ही उजेडाला धरून वाचता, म्हणून राहू दिला. तेलाचा डबा परत मागवत नाही.

आणि ही खबर भिंतीपलीकडून आलेली नाही. घरी डावा गाल दोन जागी कापला, म्हणून उरलेली दाढी आज सकाळी बब्रुवानच्या खुर्चीत बसून करून घेतली.